अकरावी-बारावी, मुक्काम वरोरा

नागपूरहून चंद्रपूरला जाताना वरोरा लागतं ते कोळशाच्या ट्रकांसकट. एकोना आणि माजरीच्या खाणी जवळच आहेत, मोहबाळ्याला ६०० मेगावॉटचं वीजकेंद्र आहे, एमआयडीसीत आणखी एक. ट्रकांच्या या रांगेतून वाट काढत सकाळी शेगाव, खांबाडा, टेमुर्डा, माढेळी, नागरी या बाजूंच्या एसटी गाड्या गावात शिरतात. स्थानकावर उतरणाऱ्या गर्दीत कोर्टकचेरीला आलेला कास्तकार असतो, बँकेच्या कामाला आलेली बचत गटाची बाई असते. पण सगळ्यात मोठा घोळका सोळा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींचा. पाठीवर सॅक, मुठीत पास, आणि डोळे रस्त्यापलीकडच्या झेरॉक्सच्या दुकानाकडे. ही अकरावी-बारावी.

गावातली शाळा बहुतेक ठिकाणी सातवीपर्यंत, थोड्या मोठ्या गावात दहावीपर्यंत. पुढे शिकायचं तर तालुका. चंद्रपूर पन्नासेक किलोमीटर, नागपूर शंभराच्या वर. या दोन शहरांच्या मधला जो पट्टा आहे, त्यातल्या असंख्य घरांसाठी 'पुढचं शिक्षण' या शब्दांचा अर्थ वरोरा असाच आहे. या दोन वर्षांत काय शिकवलं जातं यावर पुष्कळ बोललं जातं. ते कुठे शिकवलं जातं, घरापासून किती लांब आणि कोणत्या वेळेला, यावर फारच कमी. माझ्या मते वरोऱ्यासारख्या गावात हाच प्रश्न आधी विचारायला हवा.

ना शाळा, ना कॉलेज

महाराष्ट्रात या दोन वर्षांना स्वतःचं घर कधी मिळालंच नाही. पूर्वी अकरावीला मॅट्रिक व्हायचं आणि त्यानंतर कॉलेजातली प्री-युनिव्हर्सिटी. १९६४ मध्ये नेमलेल्या कोठारी आयोगानं दहा अधिक दोन अधिक तीन असा आकृतिबंध सुचवला आणि मधली दोन वर्षं विद्यापीठांकडून काढून शाळांकडे द्यावीत असा आग्रह धरला. राज्यात नव्या पद्धतीची दहावीची पहिली परीक्षा १९७५ च्या मार्चमध्ये झाली. १९७७ मध्ये कायदा दुरुस्त करून मंडळाच्या नावात 'उच्च माध्यमिक' हे शब्द घालण्यात आले. वर्ग शाळांकडे द्यायचे की कॉलेजांकडे, यावर मात्र महाराष्ट्रानं आपल्या स्वभावाला धरून दोन्ही केलं. काही वर्ग हायस्कुलांना जोडले, काही पदवी महाविद्यालयांना, आणि पुढे स्वतंत्र कनिष्ठ महाविद्यालयंही उघडली.

वरोऱ्यात हे सगळं चालत फिरून बघता येतं. हिरालाल लोया विद्यालयासारख्या ठिकाणी अकरावी शाळेच्या छत्राखाली भरते; आनंदवनातल्या आनंद निकेतन महाविद्यालयात ती पदवीच्या वर्गांच्या सावलीत भरते. शाळेला जोडलेल्या अकरावीत साधारणपणे शिस्त शाळेची असते, वर्गशिक्षक मुलाच्या बापाला नावानं ओळखतात आणि तीन दिवस दांडी मारली की घरी निरोप जातो. कॉलेजला जोडलेल्या अकरावीत मोकळीक जास्त, प्रयोगशाळा मोठी, ग्रंथालय बरं. पण मूल आलं की नाही हे विचारणारं कोणी असेलच असं नाही. इंग्लंडात याच वयाच्या मुलांच्या वर्गाला 'सिक्स्थ फॉर्म' म्हणतात. तिथे मूल तीन-चार विषय निवडतं आणि दोन वर्षं त्यांतच खोल जातं. बरेचदा शाळाही तीच असते आणि शिक्षकही ओळखीचे. आपल्याकडे नेमक्या याच वळणावर शाळा बदलते, गाव बदलतं, बसायचे मित्र बदलतात आणि विज्ञान घेतलं तर भाषाही बदलते.

कॉलेज कोणी बांधलं

आनंद निकेतनची गोष्ट वरोऱ्यात सगळ्यांना माहीत असते, आणि म्हणूनच ती कोणी फारशी सांगत नाही. बाबा आमट्यांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली १९४९ मध्ये. कुष्ठरुग्णांसाठीच्या आनंदवनाचं उद्घाटन विनोबा भाव्यांच्या हस्ते झालं जून १९५१ मध्ये. तेव्हा जमेला सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये. जमीन खडकाळ, झुडपांनी भरलेली. विहीर खणली, भाजी पिकवली, तर ती विकत घ्यायला गाव तयार नव्हतं. कुष्ठरोग्याच्या हातची भाजी घरात कोण आणणार?

त्यानंतर तेरा वर्षांनी, १९६४ मध्ये, त्याच माणसांच्या श्रमातून आनंदवनात महाविद्यालय उभं राहिलं. आणि ते रुग्णांच्या मुलांपुरतं नव्हतं. ज्या गावानं भाजी नाकारली होती त्या गावाच्या, तालुक्याच्या, आसपासच्या साऱ्या मुलांसाठी ते होतं. पुढच्याच वर्षी, १९६५ मध्ये, कृषी महाविद्यालयही आलं. तेव्हा इथल्या मुलाला मॅट्रिकनंतर शिकायचं तर नागपूर, वर्धा किंवा चंद्रपूर गाठावं लागे. म्हणजे खोली, खानावळ आणि दर महिन्याची मनिऑर्डर. ज्याच्या बापाला हे परवडे तोच शिके. मुलीचा तर प्रश्नच नसे.

या घटनेकडे आपण करुणेची कथा म्हणून बघतो. मला त्यात अंतराचं गणितही दिसतं. पुढचं शिक्षण पन्नास-शंभर किलोमीटरवरून चार किलोमीटरवर आणलं की कोणत्या घरातली मुलं शिकतात ही यादीच बदलते. कोठारी आयोग नेमला गेला त्याच वर्षी वरोऱ्याच्या वेशीवर हे गणित काही माणसांनी थोट्या हातांनी सोडवून ठेवलं होतं.

शाखा

दहावीचा निकाल लागला की घराघरात एकच चौकशी सुरू होते: सायन्स की आर्ट्स? कॉमर्सचं नाव वरोऱ्यात तिसरं. ही निवड मुलाच्या आवडीवर होते असं म्हणायची पद्धत आहे. प्रत्यक्षात ती टक्क्यांवर होते, मामाच्या सल्ल्यावर होते आणि ट्युशनची फी कोण भरणार यावर होते.

विज्ञान घेणाऱ्या मुलापुढे पहिला डोंगर इंग्रजीचा. दहावीपर्यंत मराठी माध्यम, फार तर सेमी इंग्रजी. अकरावीत पदार्थविज्ञान, रसायन, जीवशास्त्राची पुस्तकं सबंध इंग्रजीत. २०१९ मध्ये अकरावीची आणि २०२० मध्ये बारावीची पुस्तकं बदलली. ती जाडही झाली आणि अवघडही, कारण ती देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षांच्या जवळ न्यायची होती. गंमत अशी की 'नीट' मराठीतून देता येते, राज्याच्या सीईटीत पदार्थविज्ञान, रसायन आणि जीवशास्त्राचे प्रश्नही मराठीत मिळतात. पण त्यासाठी वाचायचं पुस्तक मात्र इंग्रजी. पहिली घटक चाचणी होईपर्यंत वर्गातली निम्मी मुलं इंग्रजी व्याख्या पाठ करत असतात आणि अर्थ समजून घ्यायला मोबाईलवर हिंदी व्हिडिओ लावत असतात. मराठी, इंग्रजी, हिंदी अशा तीन भाषांच्या कसरतीतून न्यूटन त्यांच्यापर्यंत पोचतो.

कला शाखेकडे जाणाऱ्या मुलांकडे कोणी फारसं बघत नाही. राज्यशास्त्र, इतिहास, भूगोल, समाजशास्त्र, मराठी. पट भरलेला, बाकं रिकामी. फेब्रुवारी-मार्च २०२५ च्या बारावी परीक्षेत राज्याचा निकाल ९१.८८ टक्के लागला. त्यात विज्ञान शाखेचा ९७.३५ आणि कलेचा ८०.५२. म्हणजे कलेत दर पाचांतलं एक मूल नापास. कला शाखा अवघड आहे म्हणून हे होत नाही. ज्यांना रोज वर्गात येणं सगळ्यात अवघड आहे, अशी मुलं या शाखेत सगळ्यात जास्त आहेत.

वेचणी आणि प्रॅक्टिकल

वरोरा तालुका कापसाचा आणि सोयाबीनचा. जूनमध्ये पेरणी, ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी, दसऱ्यानंतर पऱ्हाटी फुटायला लागते. पहिला वेचा, दुसरा वेचा, तिसरा. जानेवारीपर्यंत हे चालतं. मजूर मिळत नाहीत आणि मिळाले तर किलोमागे दर वाढवून मागतात. अशा वेळी घरात दोन मोकळे हात असतील तर ते कॉलेजात कशाला बसवायचे, असा विचार बाप बोलून दाखवत नाही, पण पोराला तो कळतो. पहिल्या सत्राची परीक्षा नेमकी याच दिवसांत असते. दिवाळीनंतर वर्ग उघडतात आणि हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा डिसेंबरपर्यंत रेंगाळतात.

त्यानंतर सगळंच धावायला लागतं. जानेवारीच्या शेवटी प्रॅक्टिकल. पदार्थविज्ञान, रसायन आणि जीवशास्त्रात प्रत्येकी सत्तर गुण लेखी आणि तीस प्रात्यक्षिकाचे. जर्नल पूर्ण करायचं असतं. ते एकजण करतो आणि बाकीचे त्याचं बघून उतरवतात, ही पद्धत सगळ्या महाराष्ट्रात एकच. तरीही ज्या कॉलेजात प्रयोगशाळा खरोखर चालते, तिथलं मूल वेगळं ओळखू येतं. ब्युरेटमधून पोटॅशियम परमँगनेट थेंबाथेंबानं सोडताना फिकट गुलाबी रंग नेमका कोणत्या थेंबाला टिकतो, कांद्याच्या मुळाच्या टोकाची स्लाईड करताना पेशी किती दाबायच्या, हे पुस्तकातून येत नाही. जिच्या घरी कापसावर पडलेल्या गुलाबी बोंडअळीनं एका हंगामात निम्मं पीक नेलं आहे, त्या मुलीला जीवशास्त्राच्या तासाला अळीचं जीवनचक्र शिकवलं की ती जे प्रश्न विचारते, ते शहरातल्या क्लासच्या एसी खोलीत कोणी विचारत नाही. अशा मुलांना बारावीनंतर सीईटी देऊन आनंदवनातल्याच कृषी महाविद्यालयात बी.एस्सी. ॲग्रीला जाता येतं. घरापासून कॉलेजपर्यंत आणि कॉलेजपासून पुन्हा शेतापर्यंत एक सरळ वाट असलेलं हे उदाहरण तालुक्याच्या ठिकाणी दुर्मीळ आहे.

कागद

अकरावीत येणारं मूल अभ्यासक्रमाइतकाच कागदांचाही अभ्यास करतं. दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचं प्रमाणपत्र, नॉन-क्रिमिलेअर. शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटीचं पोर्टल, त्यासाठी आधारला जोडलेलं बँक खातं, खात्यासाठी मोबाईल नंबर, आणि तो नंबर काकाच्या नावावर.

बारावीत आलं की जात वैधता. आजोबा-पणजोबांचा पुरावा लागतो: अनुसूचित जाती-जमातींना १९५० पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांना १९६१ पूर्वीचा, इतर मागासवर्गीयांना १९६७ पूर्वीचा. विदर्भात त्यासाठी कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची, नक्कल काढतात, शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा काढतात. आजोबा शाळेतच गेले नसतील तर चुलत आजोबा शोधतात. सतरा वर्षांची मुलगी तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात मोडी वळणाच्या जुन्या नोंदीत आपल्या खापरपणजोबाचं नाव बोटानं शोधत असते. तिला इतिहास विषय नसतो, ती विज्ञानाची असते. पण घराण्याचा इतिहास तिच्याइतका कुणालाच ठाऊक नसतो.

२०२५ मध्ये यात आणखी एक भर पडली. मुंबई, पुणे, नागपूर अशा महानगरांपुरती असलेली अकरावीची केंद्रीय ऑनलाईन प्रवेशप्रक्रिया सरकारनं सगळ्या राज्याला लागू केली. पहिल्याच दिवशी संकेतस्थळ कोलमडलं. जिथे बाप मुलाला घेऊन थेट मुख्याध्यापकांच्या खोलीत जायचा आणि अर्ध्या तासात प्रवेश व्हायचा, तिथे आता दहा पसंतिक्रम भरायचे, यादीची वाट बघायची आणि मेसेज आला का ते बघायचं. राज्यभर जागा मुलांपेक्षा लाखोंनी जास्त असताना एका तालुक्याच्या गावात प्रवेशासाठी स्पर्धेची यंत्रणा उभी करण्यातून कुणाला काय मिळालं? नेट कॅफेवाल्यांचा हंगाम मात्र बरा गेला.

नागपूरची खोली

वैद्यकीय प्रवेशासाठी २०१७ पासून राज्यात 'नीट' हाच एकमेव दरवाजा उरला. ७२० गुणांची, पर्यायी उत्तरांची परीक्षा. चुकलं की गुण वजा. बारावीच्या गुणांना त्यात स्थान एवढंच, की भौतिक, रसायन आणि जीवशास्त्रात मिळून पन्नास टक्के हवेत, राखीव प्रवर्गाला चाळीस. बोर्डाच्या परीक्षेचं वजन एकदा कमी झालं की वर्गात बसण्याचं वजनही कमी होतं. मग ऐपत असलेली मुलं नाव ग्रामीण भागातल्या एखाद्या कॉलेजात ठेवतात आणि राहतात नागपूरला, लातूरला, नाहीतर थेट कोट्याला. हजेरी कागदावर, प्रॅक्टिकल शेवटच्या आठवड्यात. याला 'टाय-अप' म्हणतात. २०१८ मध्ये विज्ञान शाखेला बायोमेट्रिक हजेरी लावण्याचा आदेश सरकारनं काढला, तो याच प्रकाराला आळा घालायला. यंत्रं लागली, आणि टाय-अपही चालू राहिले.

यात नुकसान दोघांचं होतं. गेलेल्या मुलाचं, कारण सोळाव्या वर्षी एका खोलीत चार पोरांसोबत तो रोज रँक मोजत बसतो. आणि मागे राहिलेल्या वर्गाचं त्याहून जास्त, कारण वर्गातली पाच-सात हुशार, प्रश्न विचारणारी मुलं निघून गेली की मास्तरांचाही हुरूप जातो. नागपूरच्या महाज्योती संस्थेनं इतर मागास, विमुक्त-भटक्या आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांना टॅबलेट आणि डेटा देऊन नीट-सीईटीचं मोफत ऑनलाईन प्रशिक्षण सुरू केलं. हे चांगलंच झालं. टॅब गावात पोचतो आणि मूल गावात राहतं. पण अडलेला प्रश्न समजावून द्यायला समोर माणूस लागतो. चंद्रपूरला २०१५ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, पन्नासेक किलोमीटरवर. तिथे पोचायचा रस्ता वरोऱ्याच्या मुलीसाठी कोट्यावरून का जावा?

शेवटची गाडी

बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास मोफत आहे. मुलांना भाड्यात ६६.६७ टक्के सवलत. राज्यातल्या कोणत्याही शैक्षणिक धोरणापेक्षा या पासानं मुलींना जास्त शिकवलं, असं मी म्हणेन. पण पास असून भागत नाही, गाडीही वेळेवर यावी लागते. तालुक्याचा पूर्वेकडचा भाग ताडोब्याच्या जंगलाकडे सरकतो. फाट्यावर उतरून गावापर्यंत दोन-तीन किलोमीटर पायी जायचं, हिवाळ्यात साडेपाचला अंधार, आणि वाघ दिसल्याची बातमी आठवड्यातून एकदा तरी. अशा गावातली मुलगी कोणत्या तासापर्यंत कॉलेजात थांबेल हे वेळापत्रक करणारे प्राध्यापक ठरवत नाहीत. आगारातला वाहतूक नियंत्रक ठरवतो. प्रॅक्टिकलची बॅच दुपारी लागली की पहिल्या रांगेतली मुलगी घड्याळ बघायला लागते.

२०२२ साली बारावी झालेल्या तुकडीनं हे सगळं एकदम भोगलं. २०२० मध्ये त्यांच्या दहावीचा भूगोलाचा पेपर टाळेबंदीनं रद्द झाला. अकरावी फोनवर झाली; ज्याच्या घरी फोन एक आणि भावंडं तीन, त्याची तर झालीच नाही. त्यांच्या आधीची तुकडी २०२१ मध्ये परीक्षा न देताच ९९.६३ टक्क्यांनी पास झाली होती. हे बारावीत आले, वर्ग उघडले, आणि ऑक्टोबरअखेर एसटीचा संप सुरू झाला. तो एप्रिलपर्यंत चालला. ज्यांच्याकडे मोटारसायकल होती ते आले, काही मुलं काळीपिवळीत कोंबून आली. मुली घरी राहिल्या. त्या वर्षी काही घरांत बारावीऐवजी लग्न झालं.

मुलांचं चित्र निराळं. पहाटे मैदानावर पळणारी पोरं दिसतात, ती पोलीस भरतीची. शिपायाला बारावी पास लागते, सोळाशे मीटर धावणं लागतं, गोळाफेक लागते. मुलीही धावतात, आठशे मीटर. एकेकाळी बारावीनंतर डी.एड.ची लाट होती; शिक्षकभरती थांबली तशी ती ओसरली आणि सगळा ओघ भरतीकडे वळला. या मुलांसाठी बारावी म्हणजे फॉर्म भरायला लागणारी अट. ती अट पुरी करताना राज्यशास्त्राचा एखादा धडा डोक्यात राहिला, तर तो पुढे खाकी अंगावर चढल्यावर कामाला येईल. पण तसं त्यांना सांगणारा शिक्षक वर्गात हवा.

मास्तर

आणि शिक्षकाचंच सगळ्यात अवघड आहे. अनुदानित तुकडीवरचा शिक्षक निवृत्त होतो, पद भरलं जात नाही, त्या जागी तासिका तत्त्वावर कोणीतरी येतं. विनाअनुदानित तुकड्यांवर वर्षानुवर्षं नाममात्र पगारावर शिकवणारे आहेत. त्यातले काही सकाळी कॉलेजात रसायन शिकवतात आणि संध्याकाळी पोट भरण्यासाठी ट्युशन घेतात. शिक्षकांच्या संघटना उत्तरपत्रिका तपासण्यावर बहिष्कार टाकतात तेव्हा वर्तमानपत्रात 'विद्यार्थ्यांना वेठीस' असा मथळा येतो. रिकाम्या पदांनी ही मुलं वर्षभर वेठीस असतात, त्यावर मथळा येत नाही.

नव्या शैक्षणिक धोरणात नववी ते बारावी हा एकच टप्पा मानला आहे आणि शाखांच्या भिंती पाडून मुलानं भौतिकशास्त्रासोबत संगीतही घ्यावं, असं म्हटलं आहे. वाचायला फार छान. ज्या कॉलेजात गणिताचा एकच शिक्षक आणि तोही तासिकेवर, तिथे ही निवड वेळापत्रकात कुठे बसवायची हे धोरणात लिहिलेलं नाही.

म्हणून वरोऱ्याच्या अकरावी-बारावीचं मोजमाप दरवर्षी मेमध्ये फलकावर लागणाऱ्या पहिल्या तिघांच्या फोटोंवरून करू नये. तालुक्यातल्या किती गावांतून मुलगी सकाळी येऊन अंधारापूर्वी घरी पोचते, जूनमध्ये नाव घातलेल्या किती मुलांनी फेब्रुवारीत हॉलतिकीट घेतलं, मंजूर पदांपैकी किती भरलेली आहेत आणि प्रयोगशाळेतली किती ब्युरेट गळत नाहीत, हे चार आकडे दर वर्षी कॉलेजच्या फाटकावर लावावेत. ते गोळा करायला आयोग लागत नाही. आगारप्रमुख, प्राचार्य आणि गटशिक्षणाधिकारी एका टेबलाशी तासभर बसले तरी पुरे. दुपारची प्रॅक्टिकलची बॅच सकाळी आणणं आणि शेगावकडची गाडी अर्धा तास उशिरा सोडणं, एवढ्यानंही काही मुलींची बारावी वाचेल. या गावात याहून कितीतरी अवघड काम साठ वर्षांपूर्वी झालेलं आहे, आणि तेही ज्यांना गावात कोणी उभं करत नव्हतं त्यांच्याकडून.